‘पित्त झालंय, जेवण नको’

शिकणाऱ्या मुलांचं मन : लेखांक ७

मागच्या आठवड्यात परीक्षेच्या दिवसांतल्या झोपेविषयी वाचलंत. झोपेच्या मागोमाग बिघडतं ते खाणं, आणि त्याकडे घरच्यांचं लक्ष फार उशिरा जातं.

समजा, आजऱ्याची एक मुलगी बारावीनंतर कोल्हापूरला शिकायला गेली. दिवाळीला घरी आली. आईनं घनसाळचा भात टाकला, वास सोप्यापर्यंत आला आणि मुलगी म्हणाली, “मला पित्त झालंय, नुसतं ताक दे.” मेसचं जेवण, एस.टी.चा प्रवास, जागरणं अशी कारणं आयती असतात, त्यामुळे कुणी मनावर घेत नाही. संक्रांतीपर्यंत ड्रेसच्या बाह्या ढगळ झालेल्या असतात. गुरुवारच्या उपवासाच्या जोडीला सोमवारचा आलेला असतो, संकष्टी तर होतीच. शेजारच्या काकू म्हणतात, “बारीक झालीस गं, छान दिसतेस!” या वाक्यानं किती नुकसान होतं, याची काकूंना कल्पना नसते.

आपल्याकडे उपवासाला कुणी जाब विचारत नाही, उलट कौतुकच होतं. म्हणूनच खाण्याचा आजार त्याच्या आड वर्षभरसुद्धा लपू शकतो. उपवासाला माझा विरोध नाही. पण उपवास सुटतो, ही त्याची खूण आहे. चंद्र दिसला की घरातली बाई नैवेद्य दाखवते आणि समाधानानं चार घास खाते. आजारी मुलीला मात्र उपवास सोडायची वेळ आली की धडकी भरते. ताटावर बसायचं टाळायला ती काहीतरी काम काढते, भात चिवडत राहते, जेवल्या जेवल्या मोरीत जाते. घरच्यांनी बघायचं असेल तर ते इथं.

“आमच्या मुलीला कुठं हिरॉईन व्हायचंय?” असं पालक विचारतात. हा आजार शहरी, श्रीमंत, आरशासमोरच्या मुलींचा, हा समज पक्का बसला आहे. इतिहास वेगळं सांगतो. 1873 च्या सुमारास पॅरिसच्या लासेग आणि लंडनच्या विल्यम गल या डॉक्टरांनी अन्न टाकणाऱ्या तरुण मुलींची वर्णनं लिहिली. त्यांत जाड होण्याची भीती कुठंच नाही. लासेगच्या रुग्ण मुली जेवल्यावर पोटात कसंतरी होतं, असं सांगत. म्हणजे जवळपास आपलं पित्तच. दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या मनोविकारतज्ज्ञांनी 1995 मध्ये अशाच पाच तरुणींविषयी लिहिलं. खाणं बंद, उलट्या, वजन घसरलेलं, पाळी थांबलेली. पण ‘मी जाड आहे’ ही तक्रार नाही. हाँगकाँगमध्ये मनोविकारतज्ज्ञ सिंग ली यांनाही पोट फुगतं, भूकच नाही, असं सांगणारे रुग्ण भेटले. निदानाच्या अमेरिकी पुस्तकाला हे मान्य करायला 2013 साल उजाडलं. तेव्हाच्या आवृत्तीत वजनाच्या भीतीशिवाय अन्न टाळण्याच्या आजाराला स्वतंत्र जागा मिळाली.

म्हणून ‘तुला जाड व्हायची भीती वाटते का?’ एवढंच विचारून थांबलात तर इकडच्या मुली हातून निसटतील. डॉक्टर वापरतात ती 1999 ची एक छोटी प्रश्नावली यापेक्षा शहाणी आहे. पोट फार भरलं म्हणून मुद्दाम उलटी काढतेस का? किती खावं यावरचा ताबा सुटेल अशी चिंता वाटते का? तीन महिन्यांत सहा किलोंहून जास्त वजन उतरलं का? लोक बारीक म्हणत असताना स्वतःला जाड समजतेस का? अन्नाच्या विचारानं दिवस व्यापलाय का? पाचांपैकी दोन उत्तरं ‘हो’ आली, तर डॉक्टरांकडे जायचं. यांत आरशाचा प्रश्न एकच आहे, तो सोडूनही दोन ‘हो’ होतात.

शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुसरं महायुद्ध संपत आलं असताना, 1944-45 मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीनं सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे चौथ्या हिश्शानं उतरलं. निवडताना मनानं पक्की निघालेली ही माणसं काही महिन्यांत चिडखोर, एकलकोंडी, उदास झाली. काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. एकेक जेवण तासतासभर पुरवणं, बोलण्यात-स्वप्नात फक्त जेवण, असं चाललं. प्रयोग संपल्यावर पोटभर मिळू लागलं, तरी कित्येकांची हाव महिनोन्‌महिने आवरेना. म्हणजे मन बिघडलं म्हणून खाणं सुटतं, तसं खाणं सुटल्यानंही मन बिघडतं. उपाशी मुलीला “डोक्यातनं काढून टाक” म्हणणं त्यामुळेच फुकट आहे. ते तिच्या हातात राहिलेलं नसतं.

(या लेखात उष्मांकांचे आकडे किंवा वजन उतरवायच्या युक्त्या मुद्दाम दिलेल्या नाहीत. आजारी मुलं असे मजकूर धडे म्हणून वाचतात.)

मुलग्यांचं काय? कोल्हापूर तालमींचं गाव. कुस्तीच्या वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडणं, घाम काढणं हे पोरं वस्तादांसमोरच करतात आणि त्याला कुणी आजार म्हणत नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कुस्तीपटू विनेश फोगट शंभर ग्रॅमसाठी अंतिम लढतीला मुकली, तेव्हा ही धडपड साऱ्या देशानं पाहिली. प्रत्येक मल्ल आजारी नसतो. पण स्पर्धा संपल्यावरही जो काट्यावरून उतरत नाही, किंवा जिम चुकली की ज्याचं जेवण बंद होतं, त्याच्याकडे लक्ष ठेवा.

शरीराची किंमत मोठी असते. पाळी थांबते, केस गळतात, उन्हातही थंडी वाजते. वारंवार उलट्या काढल्यानं रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके चुकू शकतात. जिवाला धोका असतो तो इथं. दातांवरचं आवरण झिजतं, त्यामुळे कधीकधी पहिली शंका दाताच्या डॉक्टरला येते.

आणि एक चूक प्रेमापोटी होते. फार हाडकलेल्या मुलीला घरी आणून तूप-भात, लाडू, दूध यांचा मारा करू नका. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खायला दिलं, तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्यानं खाली येतं. महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेले कैदी अशा जेवणानं दगावले होते. आहार वाढवायचा तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्यानं.

उपचार आहेत. कोवळ्या वयात आजार लवकर ओळखला, तर काही काळ जेवणाची सूत्रं आईवडिलांनी हातात घेण्याची पद्धत उपयोगी पडते. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात ती रुजली. थोड्या मोठ्यांसाठी खाण्याचं वेळापत्रक आणि त्याभोवतीचे विचार यांवर आठवड्याला बसून काम करतात. त्यासाठी कॉलेजचं एक सत्र बुडालं तर बुडू द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलगी अठरा वर्षांची असेल, तर तिच्या उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तिला दिला आहे. तेव्हा ‘घरी कळेल’ या भीतीनं थांबायचं कारण नाही.

सुरुवात आजऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात नाडी, रक्तदाब आणि रक्त तपासून करता येते. कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. तिथं गेल्यावर नुसतं ‘पित्त’ सांगून गोळ्या घेऊन परतू नका; किती महिने जेवण कमी आहे, उलट्या होतात का, पाळी कधीपासून नाही, हे आपण होऊन सांगा. आणि आधी कुणाशी बोलायचं असेल, तर ‘टेलिमानस’ या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो मोफत आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं.