गोंगाटाच्या पलीकडे – ९ : दोन बोळ सोडून

आज उल्वर या बँडची ‘पर्डिशन सिटी’ ऐकायची असं कबूल केलं होतं. ती पुढच्या बुधवारी. मधेच एक पत्र आलंय आणि ते बाजूला ठेववत नाही.

पत्र सोलापूरच्या भवानी पेठेतल्या एका आजोबांचं. गिरणी बंद पडेपर्यंत तिथं जॉबर होते. मागचा भाग वाचून त्यांनी नातवाच्या फोनवर उल्वरचं ‘सायलेन्स टीचेस यू हाऊ टु सिंग’ पूर्ण ऐकलं. चोवीसेक मिनिटांचा तो एकच तुकडा. लिहितात, ‘‘आधी वाटलं फोन बिघडला. आमच्या खात्यात असा आवाज आला असता तर मी तेलाचा डबा घेऊन बेअरिंग बघायला पळालो असतो. यात ऐकायचं काय, ते एकदा नीट सांगा.’’

आजोबा, ज्या माणसाला बेअरिंगचा आवाज बाकीच्या आवाजातून वेगळा काढता येतो, त्याला मी काय सांगू? तरी प्रयत्न करतो.

हे रेकॉर्डिंग 2001चं. त्याच बँडची 1997ची ‘नॅटन्स माद्रिगाल’ आपण तिसऱ्या भागात ऐकली आणि निम्म्या वाचकांनी मला शिव्या घातल्या. माणसातल्या लांडग्याला उद्देशून आठ स्तोत्रं, आणि ध्वनिमुद्रण असं, की पत्र्यावर खिळा ओढावा. पण तिथं गिटार नेमकं काय करतं ते आठवा. एकच सूर, एकाच तारेवर, सेकंदाला कितीतरी वेळा छेडलेला. खाली ड्रम अखंड. दोन-तीन मिनिटांनी कान आघात मोजायचं सोडून देतो आणि त्या सगळ्याची एक सलग चादर होते. (सोलापुरात बसून दुसरी उपमा सुचणार कुठून!)

पूर्व भागात एका यंत्रमागाच्या कारखान्यामागं मी तीन वर्षं खोली घेऊन राहिलो. कारखान्याच्या दारात उभं राहिलं की धोटा इकडून तिकडं आपटतो तो खटका थेट छातीत बसतो. आतली माणसं हातवाऱ्यांनी आणि ओठांच्या हालचालींवरून बोलतात. तिथून एक बोळ सोडून पुढं गेलं की खटके एकमेकांत मिसळायला लागतात. दोन बोळ सोडले की नुसती घुमघुम उरते, लांब कुठंतरी पाऊस लागल्यासारखी. माग तेच, धोटे तेच. मधल्या भिंतींनी टोकदार आवाज तेवढे अडवलेले असतात, कारण उंच पट्टीचा आवाज भिंतीत लवकर जिरतो, खालचा आरपार जातो. रात्री वीज गेली की ती घुमघुम एकदम थांबायची आणि मला जाग यायची. तीन वर्षं मी काहीतरी ऐकत होतो, हे मला वीज गेल्यावर कळायचं.

ब्लॅक मेटलच्या गोंगाटातून या शांत तुकड्याकडं आलेल्या उल्वरनं पक्ष बदलला असं म्हणतात. बँडनं स्वतःच 1999 साली ‘मेटामॉर्फोसिस’च्या पुस्तिकेत, आम्हाला ब्लॅक मेटलचा शिक्का नको, असं छापलं होतं. छापू दे. माझं मत असं की त्यांनी ऐकणाऱ्याला कारखान्याच्या दारातून उचलून दोन बोळ पलीकडं नेऊन बसवलं, एवढंच.

अशा लांबून ऐकण्यातला थोरला भाऊ म्हणजे संगीतकार ब्रायन ईनो. 1975 साली अपघातानंतर तो अंथरुणावर पडून होता. मैत्रिणीनं हार्पची रेकॉर्ड आणून दिली, त्यानं ती कशीबशी लावली, पण आवाज फारच बारीक आणि उठून वाढवायचं त्राण नाही. बाहेर पाऊस. सूर पावसात विरघळत गेले आणि त्याला तेच आवडायला लागलं. 1978च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’वर त्यानं अशा संगीतासाठी ‘अँबियंट’ हे नाव छापलं.

नाव नवं असेल, आपल्या कानाला हे नवं नाही. तंबोऱ्यात ऐकायचं काय, असं कुणी विचारत नाही. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा किंचित सरकवला की जवारी उघडते आणि चार तारांतून न छेडलेले सूर यायला लागतात. तंबोरे मिरजेचे खरे, पण त्यांचे भोपळे आपल्याच पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातले, हे मिरजकर सहसा बोलत नाहीत! किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, त्यांच्या स्मरणार्थ आजही तिथं गाणं होतं. त्याच घराण्यातल्या अब्दुल वहीद खाँचे शिष्य पंडित प्राणनाथ 1970 साली अमेरिकेत गेले आणि ला माँट यंग, टेरी रायली या तिकडच्या मोठ्या रचनाकारांनी त्यांचं शिष्यत्व पत्करलं. तासन्‌तास एका सुरावर थांबणारे हे लोक. ईनो वयानं त्यांच्या मागचा, त्यांना ऐकून तयार झालेला. म्हणून उल्वरच्या त्या शांत तुकड्यात मला मधूनच भीमाकाठचा भोपळा ऐकू येतो. हे जरा ताणलंय, मान्य.

तर आजोबा, पुन्हा एकदा ऐका. फोनच्या स्पीकरवर नको, नातवाचे हेडफोन मागून घ्या. बेअरिंग शोधता तसंच शोधा : खरखर कुठं बदलते, खालची घूं कधी सरकते. आणि कूलर बंद ठेवा. मे महिन्यात मी तो तुकडा कूलर लावून ऐकला. तुकडा संपून गेल्यावरही दहा मिनिटं मन लावून कूलरच ऐकत होतो.