तिकीट कुठे फाडायचं? डिस्नीलँडच्या गेटवर उभं राहून विचार करूया



कृषी पर्यटन केंद्र, छोटा वॉटर पार्क, मुलांचा प्ले झोन असं काही डोक्यात असलेले लोक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, एन्ट्री फी किती ठेवू?" मी उलट विचारतो, गेटमधून आत आलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत कुठे जाणार, ते आधी सांगा. बहुतेक वेळा समोर शांतता. नकाशा आर्किटेक्टने काढलेला असतो, दर मेव्हण्याने सुचवलेला असतो, आणि त्या दोन कागदांची एकमेकांशी ओळखही नसते.

जागेची मांडणी आणि तिकिटाची पद्धत हा एकच निर्णय आहे, हे मला आज पटवून द्यायचंय. त्यासाठी कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमला जाऊ, डिस्नीलँडला. ते मोठं आहे म्हणून नाही बरं का. त्यांनी गेल्या सत्तर वर्षांत तिकिटाची पद्धत इतक्या वेळा बदलली की त्यांच्या पैशाने आपल्याला शिकता येतं.

17 जुलै 1955 ला हे पार्क सुरू झालं, संत्र्याच्या बागा काढून घेतलेल्या सुमारे 160 एकर जागेवर. वॉल्ट डिस्नीने ठरवलं होतं की गेट एकच. जत्रा-पार्कच्या धंद्यात मुरलेल्या लोकांनी त्याला सांगितलं होतं, असं करू नकोस, सगळी गर्दी तिथेच तुंबेल. त्याने ऐकलं नाही. एकच गेट म्हणजे प्रत्येक माणसाची सुरुवात सारखी: रेल्वेच्या बांधाखालून आत, मग दुकानांची गल्ली, गल्लीच्या टोकाला किल्ला. किल्ल्यासमोर गोल चौक आणि तिथून वेगवेगळ्या विभागांकडे वाटा फुटतात. दिवस संपला की परत त्याच गल्लीतून बाहेर. येताना हात रिकामे ठेवायचे असतात, जाताना पोरं हट्ट करतात. दुकानं कुठे असावीत याचं उत्तर त्या गल्लीतच आहे.

आता तिकीट. सुरुवातीला मोठ्या माणसाला एक डॉलर प्रवेश आणि आत प्रत्येक राइडचे वेगळे पैसे. म्हणजे प्रत्येक ठिकाणी पाकीट काढायचं. काही महिन्यांतच, ऑक्टोबर 1955 मध्ये, त्यांनी कूपनचं पुस्तक काढलं. A, B आणि C अशी कूपनं. 1956 मध्ये D आलं, 1959 मध्ये E. घोड्यांचा मेरी-गो-राउंड, जुन्या पद्धतीच्या गाड्या हे A मध्ये. मॅटरहॉर्नसारखी मोठी आकर्षणं E मध्ये. (अमेरिकेत भारी अनुभवाला "E तिकीट" म्हणायची पद्धत यातूनच पडली. 1983 मध्ये अंतराळात जाताना सॅली राइडनेही हाच शब्द वापरला होता.)

लोक याला फक्त पैसे घेण्याची पद्धत समजतात. माझ्या मते ते कूपन म्हणजे चौकात उभा असलेला ट्रॅफिक हवालदार होता. पुस्तकात E मोजकीच. ती संपली की बाप म्हणणार, "अरे, ही A आणि B उरलीत, चला त्या छोट्या गाडीत बसू." गर्दी आपोआप सगळीकडे पसरायची. कोणाला ओरडावं लागत नव्हतं.

दरम्यान 1961 मध्ये टेक्सासच्या सिक्स फ्लॅग्जने एकाच तिकिटात सगळं द्यायला सुरुवात केली होती. कस्टमरला ते आवडलं, आवडणारच. 1982 मध्ये डिस्नीलँडनेही कूपनं बंद करून दिवसभराचा पासपोर्ट सुरू केला, सुमारे 12 डॉलरचा. हिशोब सोपा झाला, तिकीटघरं कमी झाली. पण गंमत बघा, आता मेरी-गो-राउंड आणि सगळ्यात भारी राइड यांची किंमत एकच झाली: शून्य. मग छोट्याकडे कोण जाणार? पैशाने होणारी वाटणी वेळेने व्हायला लागली, म्हणजेच रांगेने.

रांगेवर उपाय म्हणून 1999 मध्ये फास्टपास आला. मशीनमधून चिठ्ठी घ्या, त्यावरच्या वेळेला परत या, मधल्या वेळात फिरा, खा, खरेदी करा. फुकट. ऐकायला झकास. पण राइड तासाला हजार माणसं नेत असेल तर चिठ्ठी काढल्याने ती बाराशे नेत नाही. हजारांतले सातशे चिठ्ठीवाले घेतले की साध्या रांगेतल्या माणसाला तीनशेच जागा. त्याची रांग आणखी सावकाश सरकते. आणि मांडणीचा मुद्दा इथेच येतो. पार्कचे रस्ते आखताना काही हजार माणसं कायम रांगेत उभी असतील, हे गृहीत असतं. ती माणसं चिठ्ठी खिशात घालून रस्त्यावर आली की तेच रस्ते अरुंद पडतात. तिकीट बदललं, नकाशा तोच राहिला.

पुढे 2021 मध्ये रांग टाळायला पैसे घ्यायला सुरुवात झाली, आणि 2024 मध्ये जवळपास सगळ्या मोठ्या रांगा टाळणारा पास आला, डिस्नीलँडला माणशी सुमारे 400 डॉलरचा. धंदा म्हणून कमाई दिसते, नाकारत नाही. पण रांगेत उन्हात उभ्या असलेल्या पोराच्या डोळ्यांसमोरून दुसरं पोर पुढे जातं, ते त्याच्या आईलाही दिसतं. लहान धंद्यात ही आई तुमच्या गावातली असते, हे विसरू नका.

नकाशा चुकल्याचं उदाहरणही तिथेच आहे. 2001 मध्ये डिस्नीलँडच्या जुन्या पार्किंगच्या जागेवर कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर हे दुसरं पार्क उघडलं. दोन्ही गेटं समोरासमोर, तिकीट डिस्नीलँडइतकंच, आत बघायला मात्र कमी. मधल्या पटांगणात उभा राहून माणूस डावीकडे-उजवीकडे बघणार आणि तुलना करणारच. पहिल्या वर्षी गर्दी समोरच्या पार्कच्या निम्मीही नव्हती. 2007 मध्ये 1.1 अब्ज डॉलरचं काम जाहीर केलं, आणि 2012 मध्ये नवी प्रवेशगल्ली आणि कार्स लँड उघडलं. लक्षात घ्या, गेटची जुनी सजावट पाडून नव्याने गल्ली उभारावी लागली.

मला कोणी कोरा कागद दिला तर मी काय करीन? ते मधलं पटांगण गेटच्या आत घेईन, दोन पार्कांचं एकच तिकीट करीन. त्या तिकिटासोबत प्रत्येकाला मोठ्या राइडसाठी वेळ छापलेली तीन कूपनं. जास्तीची विकत मिळणार नाहीत. म्हणजे E कूपनच, फक्त मोबाइलवर. मोठ्या राइड कडेला, छोट्या आणि खाण्याच्या जागा वाटेवर. याचा तोटाही सांगतो: एकच राइड पाच वेळा करायला आलेला माणूस नाराज होणार, आणि रांग विकून येणारा पैसा बुडणार. कंपनी हे करेल असं मला वाटत नाही.

आता तुमचं तीन एकर

समजा तुमचं कृषी पर्यटन केंद्र आहे. हुरडा, जेवण, झोके, आणि सगळ्यांचं आवडतं म्हणजे बैलगाडी. गाडीत आठ माणसं, म्हणजे चौघांची दोन कुटुंबं. फेरी पंधरा मिनिटांची. तासाला चार फेऱ्या. बैलांना दुपारी विश्रांती द्यायची, म्हणजे दिवसाचे पाच तास. वीस फेऱ्या, चाळीस कुटुंबं. रविवारी पन्नास कुटुंबं आली, प्रत्येकाकडून "सगळं धरून" माणशी 500 घेतले, तर दहा कुटुंबं बैलगाडीत न बसता घरी जाणार. जाताना तुमच्या हुरड्याची चव नाही, गाडी मिळाली नाही एवढंच लक्षात ठेवणार.

बैलगाडीचे वेगळे 50 रुपये घेतले तर? गर्दी थोडी कमी होईल, पण "एन्ट्री घेतली ती कशाची?" हा वाद गेटवर रोज होईल. मी एकच दर ठेवीन आणि गेटवरच प्रत्येक कुटुंबाला वेळ लिहिलेलं एक बैलगाडी कूपन देईन. बुकिंग चाळीस कुटुंबांवर थांबवीन. दहा कुटुंबांचे 20,000 रुपये सोडायला जिवावर येतं, मान्य. त्यांना शनिवार थोडा स्वस्त द्या. दिवसानुसार वेगळा दर डिस्नीनेही 2016 पासून लावलाय.

आणि बैलगाडी गेटजवळ ठेवू नका! दहा वाजता आलेले सगळे तिथेच थांबतील. ती शेताच्या पल्याडच्या टोकाला न्या. वाटेत हुरड्याची भट्टी, झोके, सावलीत बसायला बाज. जेवणाच्या दोन पंगती करा आणि कूपनची वेळ पंगतीशी जुळवा, नाहीतर अर्धं ताट टाकून लोक गाडीकडे पळतील. पापड-लोणच्याचं टेबल पार्किंगकडे जाणाऱ्या वाटेवर.

बांधकामाला हात लावण्याआधी एका रविवारी चुना आणि दोरी घेऊन शेतात जा. वाटा जमिनीवर आखा. घरातली, शेजारची पंधरा-वीस माणसं पोरांसकट बोलवा, त्यांना काही न सांगता गेटपासून सोडा आणि तुम्ही नुसते घड्याळ घेऊन बघत बसा. कुठे थांबतात, कुठे वाट चुकतात, म्हातारी माणसं कुठे बसायला जागा शोधतात, ते वहीत लिहा. आणि छापखान्यात गेलात की कूपनवर वेळ लिहायला मोकळा चौकोन सोडायला सांगा.