जुनी कुंडी धुताना हे सांभाळा
साकोली परिसरात पावसाळ्याच्या तोंडावर अंगणातल्या जुन्या मातीच्या कुंड्या पुन्हा वापरात येतात. त्यांच्यावरचा पांढरा थर म्हणजे बुरशीच, असे नाही. भाजलेली माती सच्छिद्र असते. पाण्यातले व खतातले क्षार तिच्यातून झिरपतात आणि पाणी उडून गेले की बाहेर साचतात.

कुंडी ओली करून काथ्याने घासा. कोरडी घासल्यास धूळ श्वासात जाते. मग व्हिनेगर व पाणी समप्रमाणात घेऊन अर्धा तास भिजवा आणि भरपूर पाण्याने धुवा. आधीचे झाड रोगाने मेले असेल, तर १ भाग घरगुती ब्लीच व ९ भाग पाणी यात १० मिनिटे बुडवून, पुन्हा धुऊन उन्हात वाळवा. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

कुंडीखालची ताटलीही घासा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी तिच्या कडेला चिकटतात, कोरडी राहूनही काही महिने तग धरतात आणि पाणी मिळताच फुटतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. म्हणून दर आठवड्याला नुसते पाणी ओतून न देता ताटली घासून कोरडी करा.