मेंदूतल्या गाठीपर्यंत औषध कसं पोचवतात?

मागच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं. त्यांच्या पाच वर्षांच्या नातीच्या मेंदूत गाठ आहे. "नवीन इंजेक्शन आलंय, आधी पैसे भरा," असं कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. आम्ही एका डॉक्टर बाईंना विचारलं. जे समजलं ते आज सांगतो.

मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. मैद्याच्या चाळणीत रवा अडतो, तशी रक्तातली बहुतेक औषधं तिथंच अडतात. ही मेंदूची राखण असते, पण तिच्यामुळे गाठीवरचं औषधही बाहेर राहतं.

मेंदूच्या तळाशी, जिथून श्वास आणि गिळणं चालतं, तिथं लहान मुलांना डीआयपीजी नावाची गाठ होते. ती चांगल्या भागात मुळांसारखी शिरते, म्हणून कापून काढता येत नाही. रेडिएशननं काही महिने आराम पडतो, पण ती पुन्हा वाढते.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात २०१२ पासून अशा २८ मुलांवर एक अभ्यास झाला. बारीक नळी थेट गाठीत घालून औषध अगदी सावकाश सोडलं, आपण शेतात ठिबकनं पाणी देतो तसं. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आला: असं औषध देणं सुरक्षितपणे जमतं. गाठ बरी होते, हे मात्र त्यातून सिद्ध झालं नाही. ध्वनिलहरींनी ती चाळण थोडा वेळ सैल करायचे प्रयोगही चालू आहेत.

म्हणून मैत्रिणींनो, 'प्रायोगिक' म्हणजे खात्रीचं औषध नव्हे. असा उपचार कोणी सुचवला तर विचारा: चाचणी सरकारी नोंदणीत आहे का? नैतिकता समितीची मंजुरी आहे का? संमतीचा कागद आपल्या भाषेत मिळेल का? मधेच बाहेर पडता येईल ना? चाचणीच्या औषधाचे पैसे मागितले, तर तिथंच थांबा.

आणि मूल अचानक तिरळं बघू लागलं, चेहऱ्याची एक बाजू ओघळली, चालताना तोल जाऊ लागला, गिळताना ठसका लागू लागला, तर नजर लागली म्हणून दिवस घालवू नका. लगेच दवाखान्यात न्या.

त्या ताईंना आम्ही कर्ज दिलं, पण इंजेक्शनसाठी नाही. नातीचे कागद घेऊन मोठ्या सरकारी रुग्णालयात जायच्या प्रवासासाठी दिलं. सोबत गटातली एक जण गेली. मैत्रिणींनो, अशा वेळी बाईला एकटीला पाठवू नका.