बाळ घरी येण्याआधी मांजराची तयारी

बीड जिल्ह्यात पहिलं बाळंतपण सहसा माहेरी होतं आणि सव्वा महिन्याने किंवा तिसऱ्या महिन्यात बाळ सासरी येतं. सासरी मांजर पाळलेलं असेल तर ही मधली सवड फार कामाची. ज्वारीच्या पोत्यांमागचे उंदीर धरणारं मांजर ऐनवेळी सोडून देऊन भागत नाही. रात्री ते पत्र्यावरून परत येतं.

मांजर घरातली माणसं ओळखतं ती बरीचशी वासाने. म्हणून बाळाचं वापरलेलं एखादं दुपटं आधीच मागवा, मांजराच्या नेहमीच्या जागेजवळ ठेवा आणि ते हुंगत असताना त्याला खायला द्या. झोळीही आठ-पंधरा दिवस आधी बांधा. मांजर तिच्यात चढणारच! न रागावता दर वेळी उचलून खाली ठेवा आणि उबेसाठी त्याला दुसरीकडे गोणपाट अंथरून द्या.

खरा धोका या उबेचाच आहे. मांजर मत्सराने बाळावर धावून जाईल, ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. पण ते बाळाला बिलगून झोपतं आणि तान्ह्या बाळाला तोंडावर आलेलं ओझं दूर सारता येत नाही. छत्रीची मच्छरदाणी डास अडवते. तीन-चार किलोचं मांजर वर बसलं की ती खाली दबते. बाळ झोपलं की मांजर बाहेर आणि दार बंद. एकाच खोलीचं घर असेल तर कुणीतरी जवळ बसायलाच हवं. हे काम आजीच्याच वाट्याला येतं, हे खरं.

घरात गर्भवती असेल तर मांजराची घाण तिने काढू नये. त्यातून ‘टॉक्सोप्लाझ्मा’ हा परजीवी पसरू शकतो आणि गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर गर्भाला इजा होऊ शकते. विष्ठेतला हा परजीवी 1 ते 5 दिवसांनी संसर्गक्षम होतो, त्यामुळे घाण रोजच्या रोज काढली की धोका बराच घटतो. मात्र तो कच्चट मटणातून आणि न धुतलेल्या भाजीच्या मातीतूनही येतो. सगळा दोष मांजराला देऊ नये.

मांजराने ओरखडलं किंवा चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. मांजर तीन महिन्यांचं झालं की त्यालाही रेबीजची लस टोचून घ्या. पुढचा डोस कधी, ते पशुवैद्यकांकडून कार्डावर लिहून घ्या.