टायमिंग बेल्ट बदलला, पण गाडीत दम नाही? : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लोणावळ्यातल्या तुंगार्लीतून मुंबईला जाऊन यायचे म्हणजे परतताना बोरघाट चढणे आलेच. सपाटीवर दबून राहिलेला इंजिनातला दोष या चढावर उघडा पडतो. टायमिंग बेल्ट बदलल्यावर 'पिकअप गेला', 'आयडलिंगला थरथरते' अशा तक्रारी आल्या, की सल्ले भराभर मिळतात आणि त्यातले काही इंजिनाचा जीव घेणारे असतात.

क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा व्हायला हवा आणि व्हॉल्व्ह नेमक्या क्षणी उघडायला-मिटायला हवेत. बेल्टचे काम हा मेळ राखण्याचे.

गैरसमज : गाडी सेल्फवर सुरू झाली, म्हणजे टायमिंग बरोबर बसले.
वस्तुस्थिती : बेल्ट बसवताना एक दात चुकला तरी बहुतेक गाड्या सुरू होतात. कॅमच्या पुलीला ४० दात असतील, तर एका दाताची चूक म्हणजे कॅमचे ९ अंश आणि क्रँकचे १८ अंश. एवढ्या फरकाने इंजिन सपाटीवर चालते, पण थरथरते, जास्त इंधन पिते आणि चढावर मान टाकते. टायमिंगची खात्री पुलीवरच्या खुणा देतात.

गैरसमज : लोणावळ्याची हवा विरळ, म्हणून गाडी ओढत नाही.
वस्तुस्थिती : लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वासहाशे मीटर उंच आहे. इथली हवा मुंबईपेक्षा साधारण सहा टक्क्यांनी विरळ असते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद त्यामुळे थोडी घटते. पण बेल्ट बदलण्याआधीही गाडी याच हवेत चालत होती. कालपर्यंत तिसऱ्या गिअरवर चढणारी गाडी आज दुसऱ्यावर रडत असेल, तर कारण कालच्या कामातच शोधायला हवे.

गैरसमज : दोन फेरे दिल्यावर बेल्टवरच्या रेघा जुळत नाहीत, म्हणजे बेल्ट चुकीचा बसला.
वस्तुस्थिती : नव्या बेल्टवरच्या रेघा फक्त बसवतानाच्या सोयीसाठी असतात. बेल्टच्या दातांची संख्या पुलीच्या दातांच्या पटीत नसते, त्यामुळे त्या रेघा बरेच फेरे झाल्यावरच पुन्हा जागेवर येतात. पाहायच्या त्या पुलीवरच्या आणि इंजिनाच्या अंगावरच्या खुणा. टेन्शनर बसवल्यावर क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे आणि खुणा पुन्हा तपासाव्यात. मध्येच कुठे घट्ट अडले, तर जोर न लावता थांबावे; तिथे व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलेला असू शकतो.

गैरसमज : डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवला की टायमिंग जुळते.
वस्तुस्थिती : डिस्ट्रिब्युटर असलेल्या जुन्या पेट्रोल गाड्यांत तो फिरवून ठिणगीची वेळ बदलते, व्हॉल्व्हची नाही. दात चुकलेला असताना ठिणगी पुढे-मागे केली, तर आयडलिंग वरवर सुधारते आणि खरा दोष झाकला जातो. जुन्या डिझेल गाड्यांत हाच बेल्ट अनेकदा इंजेक्शन पंपही फिरवतो. तिथे पंपाची खूण चुकली, तर धूर येतो आणि सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही.

गैरसमज : चेक इंजिनचा दिवा लागला, म्हणजे सेन्सर गेला.
वस्तुस्थिती : क्रँक आणि कॅमचा मेळ नसल्याचा पी००१६ हा कोड दात चुकल्यानेही येतो, सेन्सर बिघडल्यानेही येतो. नवा सेन्सर विकत घेण्याआधी खुणा पाहाव्यात, मग काम करताना सुटलेले प्लग आणि नळ्या, मग वायरिंग. खुणा बरोबर असूनही कुरकुर असेल, तर कॉम्प्रेशन मोजावे. क्रँक पुलीचा बोल्ट पुरता आवळलेला नसेल, तर पुलीला जागेवर धरणारी चावी झिजते आणि जुळलेले टायमिंगही पुढे सरकते.

गैरसमज : सुरू होत नसेल तर उतारावर धक्का मारावा.
वस्तुस्थिती : बेल्टच्या कामानंतर ही सर्वांत महागात पडणारी चूक. ज्या इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात, तिथे टायमिंग जास्त हुकले असताना इंजिन जबरदस्तीने फिरवले, की व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावे लागते. पुन्हापुन्हा सेल्फ मारण्यातही तोच धोका.

गैरसमज : गाडी फार धावलेली नाही, म्हणून बेल्ट नवाच आहे.
वस्तुस्थिती : बंगल्यात उभ्या असणाऱ्या गाड्यांबाबत हा समज फार घातक. रबर वयानेही कडक होते, तेलाच्या गळतीने कुजते. म्हणून मॅन्युअलमध्ये किलोमीटरसोबत वर्षांची मुदत दिलेली असते. जी आधी संपेल ती पाळायची. सगळ्याच गाड्यांना मात्र बेल्ट नसतो. पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावात बनलेल्या फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट इंजिनात साखळी असते.

बेल्ट, टेन्शनर आणि त्याच बेल्टवर चालत असेल तर पाण्याचा पंप एकदमच बदलून घ्यावा. मजुरी एकाच कामाची पडते. झाकण लावण्याआधी मेकॅनिककडून दोन फेरे फिरवून घ्यावेत आणि जुळलेल्या खुणा स्वतः पाहाव्यात. चांगला मेकॅनिक त्या आनंदाने दाखवतो. त्या पाहिल्याशिवाय गाडी घाटात घालू नये.