माजी सैनिकाचा मृत्यू आणि पेन्शन: ‘आजाराने गेला’ म्हणजे हक्क गेला नव्हे

सैनिक लढाईत गेला तरच घरच्यांना पेन्शन, आजाराने गेला तर काही नाही, हा समज घराघराचे नुकसान करतो. पेन्शनधारक माजी सैनिक कशानेही वारला तरी पत्नीला साधे कुटुंब निवृत्तिवेतन मिळतेच. सुरुवातीची काही वर्षे सोडली तर ते शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असते. मृत्यूच्या कारणावर ठरतो तो त्यावरचा हक्क. नोकरीमुळे जडलेल्या किंवा नोकरीत बळावलेल्या आजाराने मृत्यू आला तर विशेष कुटुंब निवृत्तिवेतन ६० टक्के. युद्धात किंवा शत्रूच्या कारवाईत आला तर उदारीकृत, म्हणजे पूर्ण पगाराइतके. ‘आजारच होता’ म्हणून अर्ज न करणारी विधवा निम्म्या रकमेवर पाणी सोडत असू शकते.

कारण सिद्ध करायला मृत्यूचा दाखला पुरतो, हा दुसरा गैरसमज. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर नाव, तारीख, ठिकाण, नोंदणी क्रमांक असतो. मृत्यूचे कारण नसतेच; १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ ने ते देण्यास मनाई केली आहे. कारण लिहिलेले असते डॉक्टरच्या प्रमाणपत्रात. २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला मिळते. मृत्यू अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात झाला असेल तर ती प्रत आणि केसपेपर तिथून मागून घ्यावेत. तरीही ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढ्याने भागत नाही. आजार आणि नोकरी यांचा दुवा दाखवावा लागतो: भरतीच्या वेळची वैद्यकीय नोंद, आजार कुठल्या पोस्टिंगवर सुरू झाला, निवृत्तीच्या वेळचा मेडिकल बोर्ड, अपंगत्व पेन्शन असल्यास तिचा पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश). निवृत्तीनंतर किती काळाने मृत्यू आला, हेही पाहतात.

हृदयविकार शेतकऱ्यालाही होतो, मग सैनिकाच्या घरी जास्त का, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे, आणि म्हणूनच प्रत्येक हृदयविकार पात्र ठरत नाही. पण जानेवारी २०१३ मध्ये नियंत्रण रेषेजवळ कडाक्याच्या थंडीत गस्त घालताना एका जवानाचे हृदय बंद पडले. आधी बॅटल कॅज्युअल्टी (लढाईतील हानी) म्हणून नोंद झाली, नंतर ती फिजिकल कॅज्युअल्टी (लढाईबाहेरची हानी) केली गेली. पत्नीला विशेष पेन्शन मिळाली, उदारीकृत नाकारली गेली. सशस्त्र दल न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला आणि सरकारवर ५० हजारांचा खर्चही बसवला. आजाराचे नाव बदलले नव्हते; न्यायालयाने तो कुठे आणि कशामुळे ओढवला ते पाहिले.

नकाराचे पत्र आले तर ते जपून ठेवा, त्यावरची तारीख पाहा आणि आपल्या जिल्ह्याच्या, बीड जिल्ह्यात असाल तर बीडच्या, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत मुंबईच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. उशीर झाला तरी सबळ कारण दाखवून अर्ज करा. मात्र मागची थकबाकी सहसा तीन वर्षांपुरतीच मिळते.